माशाला लस पाजायची कशी? कल्याणीच्या गोळ्यापासून नॅनोकणापर्यंत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला जनावराच्या लसीबद्दल विचारा, तो बोटावर मोजून सांगेल. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या. वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूत. शेळ्यांना पीपीआर. २०२२ साली लम्पी आला तेव्हा गावोगाव लालकंधारी आणि देवणी जनावरांना रांगेत उभं करून टोचलं, ते तर ताजंच आहे. कोंबड्यांच्या शेडमध्ये जा, तिथलं पोरगंसुद्धा सांगेल की मानमोडीची लस पाण्यातून देतात, पाण्यात आधी दूध पावडर घालायची म्हणजे क्लोरीनने लस मरत नाही.

आता त्याच शेतकऱ्याच्या शेततळ्याकडे बोट दाखवा आणि विचारा, माशांना कुठली लस?

तो हसतो. "माशाला कुठं लस असती व्हय?"

असते. गेली ८० वर्षं माणूस माशाच्या लसीच्या मागे आहे. ती आपल्या रोहू-कटल्यापर्यंत का पोचली नाही, आणि आता "नॅनो" या शब्दाने ती पोचेल का, याचा हा इतिहास आहे. गेली काही वर्षं मी उदगीर, अहमदपूर, कंधार, लोहा या पट्ट्यात तळी बघत हिंडतोय, त्यामुळे विषयात माझा जीव गुंतलेला आहे, हे आधीच सांगतो.

सुरुवात कल्याणीपासून

उदगीर-निलंग्याच्या पलीकडे, आज कर्नाटकात गेलेलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथे बाराव्या शतकात सोमेश्वर तिसरा राज्य करत होता. याच राजाच्या नावावर 'मानसोल्लास' हा ग्रंथ आहे. राज्यकारभार, स्वयंपाक, हत्ती, संगीत, सगळं त्यात आहे. आणि त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं एक प्रकरण आहे, म्हणजे मासे गळाला लावण्याचा राजाचा छंद. त्यात सुमारे ३५ प्रकारच्या माशांची माहिती येते. कुठला समुद्रातला, कुठला नदीतला, कुणाला खवले, कुणाला नाहीत. शिवाय कुठल्या माशाला काय खायला घालायचं, कुणाला पिठाचा गोळा आणि कुणाला मांस, हेही सांगितलंय. भारतीय मत्स्यशास्त्रातलं मोठं नाव असलेल्या सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर सविस्तर लिहून जगाच्या नजरेत आणलं.

मला या प्रकरणाचं महत्त्व एका साध्या गोष्टीसाठी वाटतं. माशाला हात लावता येत नाही. त्याच्याशी आपला व्यवहार एकाच वाटेने होतो, पाण्यात टाकलेल्या घासाच्या. नऊशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात कुणीतरी बसून विचार केला होता की कुठल्या माशाच्या तोंडात कुठला घास जातो. आजचे शास्त्रज्ञ लसीसाठी नेमकं तेच कोडं सोडवतायत, फक्त घासाच्या आत काय दडवायचं हा प्रश्न वाढलाय.

आपली तळी कुठून आली

कंधारचा राष्ट्रकूट काळातला जगत्तुंग समुद्र सोडला, तर आपल्याकडचं बहुतेक साठलेलं पाणी अलीकडचं आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी पोटासाठी खोदलेले पाझर तलाव, मग लघु आणि मध्यम प्रकल्प, मन्याडवरचं लिंबोटी, गोदावरीवरचं विष्णुपुरी. या पाण्यांवर भोई समाजाच्या आणि इतर मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या ठेक्याने बोटुकली सोडत आल्या. सोडायची, सात-आठ महिने थांबायचं, जाळं टाकायचं. मोठ्या पाण्यात मासा विरळ असतो, खाद्य निसर्गाचं असतं. रोग आला तरी फारसा कळत नाही.

देशात शास्त्रीय मत्स्यशेतीची खरी सुरुवात झाली १० जुलै १९५७ ला. ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून तळ्यात अंडी घालवून घेतली. तोवर रोहू-कटल्याचं बीज नदीतून गोळा करावं लागायचं. १९७१ मध्ये संमिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला आणि वरच्या थरात कटला, मधल्या थरात रोहू, तळाला मृगळ ही मांडणी देशभर गेली. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली हा हिशेब तेव्हापासूनचा.

२०१६ साल आपल्याला दोन गोष्टींसाठी लक्षात आहे. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. आणि त्याच वर्षी राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. शेततळ्यात प्लास्टिकचं अस्तर, विहिरीतून उचललेलं पाणी, आणि मग पाणी आहेच तर मासा का नको, असं करत करत कोरडवाहू शेतकरी मत्स्यशेतकरी झाला. २०२० मध्ये केंद्राची मत्स्यसंपदा योजना आली, २०,०५० कोटींची. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला.

पण शेततळं म्हणजे पाझर तलाव नव्हे. पाणी थोडं, मासा दाट, खाद्य विकतचं. मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली जातं तसा मासा आणखी दाटतो, पाणी तापतं, तळाशी विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजतं. मग एखाद्या सकाळी काठाला पांढरी पोटं दिसतात. अंगावर लाल चट्टे, खवले उभे राहिलेले, पोट फुगलेलं. अशा वेळी बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू कारणीभूत असतो. तो पाण्यात कायमच असतो, मासा अशक्त होण्याची वाट बघत.

दुकानात गेलं की बाटली मिळते. प्रतिजैविक खाद्यात कालवून द्या म्हणतात. आजारी मासा खाणं आधी सोडतो, हे लक्षात घ्या. म्हणजे औषध खातो तो धडधाकट मासा, ज्याला त्याची गरज नाही. उरलेलं औषध पाण्यात आणि गाळात जातं, आणि तिथले जिवाणू त्याला निर्ढावतात. तेच पाणी आपण पुढे तुरीला, उसाला सोडतो. म्हणून हा प्रश्न फक्त मासेवाल्यांचा राहत नाही.

१९४२: पहिली लस तोंडातूनच

आता गंमत बघा. माशाची जगातली पहिली यशस्वी मानली जाणारी लस टोचायची नव्हती. ती खायची होती.

१९४२ साली कॅनडात डेव्हिड डफ या शास्त्रज्ञाने फुरुन्क्युलोसिस नावाच्या रोगाचे जिवाणू क्लोरोफॉर्मने मारले आणि ट्राउट माशांच्या खाद्यात रोज मिसळले. दोनेक महिन्यांनी सगळ्या माशांना जिवंत जिवाणूंना सामोरं केलं. लस खाल्लेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा मेला, न खाल्लेल्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश. मासा शिकू शकतो, त्याचं शरीर रोग लक्षात ठेवू शकतं, हे दाखवणारा हा प्रयोग.

मग हे काम मागे का पडलं? कारण चारच वर्षांत, १९४६ मध्ये, त्याच रोगावर सल्फा औषध चालतं हे दिसलं. खाद्यात पावडर मिसळली की काम झालं. महिनोन्महिने लस चारण्याची कटकट कोण करणार? पुढची तीसेक वर्षं माशांच्या रोगावर औषध हेच उत्तर राहिलं. लसीला व्यापारी परवाना मिळाला तो थेट १९७६ मध्ये अमेरिकेत, ट्राउटच्या 'रेडमाउथ' रोगावर.

स्वस्त औषध हाताशी असलं की प्रतिबंध मागे पडतो, हे आपण माणसांच्या बाबतीत पाहिलंय. माशांच्या बाबतीतही तेच घडलं, आणि आपल्या तळ्यांवर ते अजून घडतंय.

नॉर्वेने काय केलं

नॉर्वेच्या समुद्रात सॅमन माशाची शेती वाढली तशी औषधांची खपतही वाढली. १९८७ साली तिथल्या मत्स्यशेतीत जवळजवळ ५० टन प्रतिजैविकं वापरली गेली. मग लसी आल्या. आधी थंड पाण्यातल्या व्हिब्रिओसिसवर, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फुरुन्क्युलोसिसवर तेलातली टोचायची लस. त्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रतिजैविकांचा वापर दोन टनांच्या आत आला. सॅमनचं उत्पादन मात्र या काळात कित्येक पटींनी वाढत गेलं. लसीने काय होऊ शकतं याचा याहून ठळक पुरावा शेतीच्या इतिहासात शोधावा लागेल.

पण ही लस टोचायची होती. प्रत्येक सॅमनला गुंगी देऊन, पोटात सुई. मासा महागडा, वर्ष-दोन वर्षं जाळ्यात राहणारा, त्यामुळे तो खर्च परवडतो.

आपल्याकडे करून बघा हा हिशेब. एकरभर तळ्यात दोन-चार हजार बोटुकली. बोटाएवढा मासा. प्रत्येकाला पाण्याबाहेर काढायचं, गुंगी द्यायची, टोचायचं, परत सोडायचं. एकतर मजूर मिळत नाहीत, आणि हाताळणीतच निम्मी बोटुकली खवले खरवडून आजारी पडायची. म्हणून सुईची लस ही महाग माशाची लस आहे. गरिबाच्या माशाची लस खाद्यातूनच यायला पाहिजे. डफची वाट बरोबर होती, फक्त तिच्यात एक खड्डा होता.

खड्डा: मासा लस पचवून टाकतो

आपल्याकडे पोलिओचे दोन थेंब कुणाला माहीत नाहीत? १९९५ पासून पल्स पोलिओ, २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण, २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र. ते थेंब चालतात कारण त्यातला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो. तो आतड्यात जाऊन वाढतो आणि शरीराला धडा देतो. कोंबडीच्या पाण्यातली मानमोडीची लसही अशीच जिवंत.

माशांसाठी जिवंत जिवाणू उघड्या पाण्यात सोडणं धोक्याचं. म्हणून मारलेला जिवाणू किंवा त्याचा एखादा तुकडा द्यायचा. आणि मारलेला जिवाणू म्हणजे माशाच्या दृष्टीने निव्वळ प्रथिन, म्हणजे अन्न. तो पचवून टाकतो.

इथे रोहू-कटल्याची एक खासियत सांगायला पाहिजे. या माशांना जठर नसतं. आम्ल तयार करणारी पिशवीच नाही. घास थेट आतड्यात जातो. म्हणजे सॅमन किंवा पंगसच्या पोटातलं आम्ल इथे लस मारत नाही. पण आतड्याच्या पुढच्या भागात पाचक रस असतातच, आणि तेही तेवढ्याच तयारीने तुकडे करतात. लशीतला ओळखीचा तुकडा, ज्याला प्रतिजन म्हणतात, तो धडपणे पोचायला हवा आतड्याच्या मागच्या भागात. तिथल्या पेशी असे तुकडे गिळून घेतात आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना दाखवतात. प्रयोगशाळेत प्रतिजन नळीने मागच्या बाजूने थेट तिथे पोचवला तेव्हा मासा नीट शिकतो, हे दिसलेलं आहे. समोरून चारला तर वाटेतच संपतो.

माशाच्या आतड्यात, कातडीवर आणि कल्ल्यांत स्वतःची वेगळी संरक्षक फळी असते हेही पुढे कळलं. २००५ मध्ये माशांत आयजीटी नावाचं नवं प्रतिपिंड सापडलं, आणि ते मुख्यतः अशाच ओल्या अस्तरांवर काम करतं हे नंतर दिसलं. रोगाचा जिवाणू माशात शिरतो तो कल्ले, कातडी आणि आतडं याच दारांतून. तोंडातून दिलेली लस चालली, तर दारावरच पहारा बसतो.

म्हणजे सगळा प्रश्न वाहतुकीचा आहे. माल चांगला आहे, रस्त्यात लुटला जातो. त्याला चिलखत पाहिजे.

चिलखत: चिटिनपासून कायटोसानपर्यंत

या चिलखताच्या शोधात भारताचं काम मागे नाही, हे अभिमानाने सांगतो.

१९९० च्या दशकात मंगळुरूच्या मत्स्य महाविद्यालयातल्या संशोधकांनी एक युक्ती केली. एरोमोनास जिवाणू त्यांनी चिटिनच्या कणांवर वाढवले. चिटिन म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या कवचातला पदार्थ. अशा पृष्ठभागावर जिवाणू थर करून राहतात आणि स्वतःभोवती चिकट कवच बनवतात. आपल्या पाण्याच्या टाकीत आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसंच. मग हे कवचासकट जिवाणू मारून कटला, रोहू आणि सायप्रिनसच्या खाद्यात दिले. नुसत्या मारलेल्या जिवाणूंपेक्षा हे जास्त चाललं, कारण जिवाणूचं स्वतःचंच कवच त्याला पाचक रसांतून वाचवत होतं. १९९९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. आपल्या माशांसाठी, आपल्या रोगावर, खाद्यातून.

पुढची पायरी म्हणजे माणसाने बनवलेलं कवच. चिटिनवर प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. त्याचे कण अगदी बारीक, काहीशे नॅनोमीटरचे करता येतात. किती बारीक? आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. एरोमोनास जिवाणू हजार-दोन हजार नॅनोमीटर लांब. म्हणजे कण जिवाणूहूनही लहान. कायटोसानवर धन भार असतो, आतड्याच्या चिकट अस्तरावर ऋण भार. म्हणून कण तिथे चिकटून राहतो, आणि पेशींना त्याला गिळायला वेळ मिळतो. पोटात प्रतिजन, बाहेर कवच, आणि कवचच चिकटणारं. एवढीच कल्पना आहे, त्यात जादू नाही.

२००८ मध्ये तमिळनाडूतल्या मेलविशारम इथल्या एका महाविद्यालयातल्या संशोधकांनी कायटोसानच्या नॅनोकणांत डीएनए लस बांधून जिताड्याला खाद्यातून दिली, व्हिब्रिओ जिवाणूविरुद्ध. निकाल? सुमारे ४६ टक्के सापेक्ष संरक्षण. सोप्या भाषेत, लस नसलेल्या तळ्यात १०० मेले असते तिथे ५४ मेले. हा आकडा पुन्हा वाचा. हे यशही आहे आणि ताकीदही.

२०१६ मध्ये मंगळुरू, मणिपाल आणि नॉर्वे इथल्या संशोधकांनी मिळून एरोमोनासच्या बाह्य आवरणातलं एक प्रथिन पीएलजीए या विरघळणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या नॅनोकणांत भरलं आणि रोहूला चारलं. मात्रा वाढवली तसं संरक्षण वाढलं. भुवनेश्वरच्या सीफा संस्थेत समुद्री शेवाळातलं अल्जिनेट आणि कायटोसान यांच्या सूक्ष्म गोळ्यांवर काम झालं. आणि आपल्या मुंबईत, वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत, म्हणजे १९६१ पासून चालू असलेल्या सीआयएफईत, रोहूला होणाऱ्या एडवर्डसिएला रोगावर नॅनोकणांत बांधलेल्या डीएनए लसीचं काम २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. याच संस्थेने २०२३ मध्ये कॉलम्नॅरिस आणि एडवर्डसिएला या दोन रोगांवरच्या मारलेल्या जिवाणूंच्या लसींसाठी हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्स कंपनीशी हात मिळवला. हैदराबाद म्हणजे नांदेडहून रात्रीच्या गाडीने सकाळी पोचायचं अंतर.

मग अडलंय कुठं?

सरळ सांगतो. रोहू-कटल्यासाठी नॅनोकणांची खाद्यातली लस आज आपल्या बाजारात नाही. जी आहे ती प्रयोगशाळेच्या टाकीत आहे. टाकी आणि अहमदपूरचं तळं यांत फरक आहे, आणि तो पाच ठिकाणी नडतो.

एक, मात्रा. तळ्यात दांडगा मासा चार घास खातो, दुबळा एक. टोचताना प्रत्येकाला सारखं मिळतं, चारताना नाही.

दोन, पाणी. गोळा पाण्यात पडल्यावर लस विरघळायच्या आत तोंडात गेली पाहिजे. आपण भुसा आणि पेंड पोत्यात भरून लटकवतो, त्यातून ती देता येणार नाही. पेलेट खाद्य लागेल, आणि ते महाग.

तीन, आठवण. खाद्यातल्या लसीची आठवण सुईच्या लसीपेक्षा लवकर पुसली जाते, पुन्हा चारावी लागते. आणि सारखी सारखी चारली तर शरीर तिला अन्न समजून दुर्लक्ष करायला शिकू शकतं. म्हणजे वेळापत्रक अचूक पाहिजे.

चार, जिवाणूचे प्रकार. एरोमोनासचे वाण अनेक. मंगळुरूच्या तळ्यातला आणि मांजरा खोऱ्यातला एकच असेल असं धरून चालता येत नाही.

पाच, आणि सगळ्यात मोठं, गिऱ्हाईक. नॉर्वेचा सॅमन जगभर विकला जातो, म्हणून त्याच्या लसीमागे कंपन्या लागल्या. आपला रोहू बुधवारच्या बाजारात किलोवर विकला जातो. त्याच्या लसीचा खर्च कुठली कंपनी आपणहून करेल? घटसर्पाची लस गावात पोचली ती बाजाराने नाही, सरकारी लस संस्था, पशुवैद्यकीय दवाखाना आणि फिरता कर्मचारी या साखळीने. माशांसाठी ही साखळी बांधलीच गेली नाही.

"नॅनो" शब्दाची भीती आणि भुरळ

आणखी एक काळजी. प्रयोगशाळेतली लस यायच्या आधीच दुकानात शब्द पोचलाय. "नॅनो तंत्रज्ञान", "माशांची प्रतिकारशक्ती वाढवा" असं लिहिलेली एक बाटली मी पाहिली. कुठल्या रोगावर, कुठल्या माशावर, कुठे तपासली, यातलं एक अक्षर नव्हतं. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका बाटलीचा नाही.

नॅनो युरियाचा अनुभव आठवा. २०२१ मध्ये मोठ्या अपेक्षेने आला. नंतर पंजाब कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या प्रयोगांत नेहमीच्या युरियाऐवजी तो वापरल्यावर भात-गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं. कंपनीचं म्हणणं वेगळं आहे, वाद चालू आहे. पण शेतकऱ्याने यातून घ्यायचा तो धडा साधा: कण बारीक असणं हा पुरावा नव्हे. शेतात तोललेलं पीक हा पुरावा. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये नॅनो कृषी निविष्ठा तपासायच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात. लस तर १९४० च्या औषध कायद्याखाली येते, परवान्याशिवाय विकता येत नाही. म्हणून कुणी "माशाची नॅनो लस" म्हणून बाटली पुढे केली, तर पहिला प्रश्न विचारायचा: परवाना क्रमांक दाखवा.

आणि लस काय करणार नाही, तेही ऐका. पहाटे प्राणवायू संपून मासा मरतो, त्यावर लस नाही, तिथे एरेटर आणि कमी दाटी. माशांच्या उवांवर लस नाही. १९८८ मध्ये ईशान्येकडून देशात शिरलेला आणि पुढच्या काही वर्षांत राज्याराज्यांत पसरलेला तो व्रणांचा रोग, ज्याच्या भीतीने लोकांनी मासा खाणंच सोडलं होतं आणि मच्छीमारांच्या चुली विझल्या होत्या, तो बुरशीसारख्या जीवाने होतो. त्यावरही सीफाचं सीफॅक्स हे औषध आलं, लस आली नाही.

आपण काय मागायचं?

आपल्या हातात काय आहे ते बघा. उदगीरला माफसूचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. मुंबईत सीआयएफई, हैदराबादेत लस कारखाना. एवढं सगळं दीड-दोन रात्रींच्या प्रवासात असलेला दुसरा कोरडवाहू मुलूख शोधून दाखवा.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. पटल्या तर तुमच्या आमदाराला, मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि सोसायटीच्या सभेत सांगा.

पहिली, दोन्ही जिल्ह्यांत मेलेला मासा तपासायची सोय. शेतकऱ्याने सकाळी बर्फात मासा आणून दिला की कुठला जिवाणू आणि कुठलं औषध चालतं, हे दोन-चार दिवसांत कळलं पाहिजे. यातून मांजरा, मन्याड आणि गोदावरी खोऱ्यातल्या जिवाणूंचा संग्रह तयार होईल. त्याशिवाय इथे चालणारी लस बनूच शकत नाही.

दुसरी, खाद्यातल्या लसीच्या चाचण्या खऱ्या शेततळ्यांत आणि सोसायटीच्या पाण्यात व्हाव्यात. शेजारी शेजारी दोन तळी, एकात लस, एकात नाही, उन्हाळ्यासकट पूर्ण हंगाम, आणि मासा वजनकाट्यावर. नुकसान झालं तर भरपाई सरकारची. निकाल मराठीत, गावात वाचून दाखवायचा, ४६ टक्के आला तर ४६ च सांगायचा.

तिसरी, लस तयार झालीच तर ती लाळ्या-खुरकूतसारखी सरकारी साखळीतून यावी. बोटुकली विकतानाच, बीज केंद्रात असताना पहिली मात्रा चारून. लहान जागेत, एका ठिकाणी, लाखो पिल्लांना. शेतकऱ्याच्या तळ्यावर फक्त पुढची मात्रा. माझ्या मते खर्च आवाक्यात ठेवायचा हाच एक रस्ता आहे.

डफने १९४२ मध्ये दाखवलेली वाट जगाने सोडली, कारण सल्फाची पुडी स्वस्त होती. आज ती पुडी महाग पडू लागलीय, माशालाही आणि माणसालाही. चिलखत बनवणारे हात आपल्याच देशात आहेत. कवचाचा कच्चा माल आपल्याच कोकण किनाऱ्यावर कोळंबीच्या सालीच्या ढिगात पडलाय. राहिलं ते काम प्रयोगशाळेतलं कमी आणि मंत्रालयातलं जास्त आहे.

तळं असणाऱ्यांनी खाली लिहा: गेल्या उन्हाळ्यात किती मासा मेला, काय लक्षणं होती, कुठलं औषध टाकलं, फरक पडला का. गाव आणि तालुका लिहा, नाव नाही लिहिलं तरी चालेल. शंभर जणांनी लिहिलं तरी मागणी घेऊन जायला कागद तयार होईल.